लाभ, दोन, तीन

मी घर सोडलं त्या पहाटे आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी तळ्याच्या बांधाशी थांबवायला लावली. परभणीपर्यंत बैलगाडीचे दोन मुक्काम, तिथून पुढे हैदराबादची रेल. गाडीवान कुरकुरत होता. आप्पांनी त्याचं ऐकलं नाही. माझा हात धरून ते बांधावर चढले, आपल्या नेहमीच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "सांग."

त्यांच्या डोळ्यांवर पडदा येऊन तोवर तीन वर्षं झाली होती. उजेड-अंधार कळे, माणूस आवाजावरून ओळखत. पाण्यावर कोणती पाखरं उतरलीत ते मी बघायचं आणि त्यांना सांगायचं, हा आमचा रोजचा शिरस्ता होता. दिवाळी सरली होती, अंगावर घोंगडी होती. समोर गाळाच्या पट्टीवर चकवे, म्हणजे चक्रवाक, बसले होते, भाजलेल्या विटेच्या रंगाचे. मी बोट पुढे करून मोजायला लागलो, "लाभ, दोन, तीन, चार..."

हे 'लाभ' आमच्या दुकानातलं. धारूरच्या डोंगराखाली आमचं गाव, गावात वाण्याचं एकच दुकान आणि ते आमचं. धान्य मापताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. आप्पा पाखरंही तशीच मोजत. मी शाळेत पहिल्याच दिवशी पाटीवरच्या एकाला लाभ म्हणालो आणि सगळ्या पोरांत हसं करून घेतलं.

"सत्तेचाळीस," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी घोंगडी सावरली. मग म्हणाले, "आता हे मला कोन सांगनार, शिवा? लई मागत न्हाई. एक हिवाळा ये. एकदा इथं बसून मोजून सांग आन् मग जा तुज्या नोकरीवर."

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय लागतं! माझं अर्धं मन तेव्हाच रेलमध्ये जाऊन बसलं होतं.

आप्पांच्या या नादाला गावात नाव नव्हतं. कुणी शिकार करी, कुणी तित्तर पाळी, ते लोकांना समजे. आम्ही लिंगायत, घरात मांसमच्छी नाही. मग हा वाणी दुकान उघडं टाकून तळ्यावर काय करतो? पाटील तर तोंडावरच विचारत, "आप्पा, मारायचं न्हाई, खायचं न्हाई, मग बगायचं कावून?" आप्पा म्हणत, "पाहुना घरी आला तर तुमी त्याला खाता का, पाटील?" तेव्हापासून थंडीत येणाऱ्या पाखरांना आमच्या घरात पाहुणे हेच नाव पडलं.

धारूरच्या बाजाराला निघालो की घाटात एखादा हळद्या बोलायचा आणि आप्पा जागच्या जागी उभे राहायचे. डोक्यावर ओझं, बाजाराची वेळ टळत चाललेली, आणि हे मान वर करून पळसाच्या झाडीकडे कान देऊन उभे. मला तेव्हा फार राग येई. आज वाटतं, मीही तसाच उभा राहायला हवा होतो.

हैदराबादेत मी एका दफ्तरात नकलनवीस झालो. आलेला कागद सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढायचा. आपली अक्कल त्यात घालायची नाही. उर्दू मला गावाकडेच येत होती, तिथे ती अंगवळणी पडली. रजेला रुखसत म्हणायला लागलो, अर्जाला दरखास्त, आणि दिवसातून चार वेळा चाय. शेजारच्या गादीवरच्या सोबत्याने एकदा विचारलं, "कौनसे परिंदे पालते तुम्हारे वालिद?" तिथे शौक म्हणजे कबुतरं नाही तर बटेर, आपले लावे. मी म्हणालो, पाळत नाहीत, नुसते बघतात. "तो शौक कायका?" म्हणून तो हसला, आणि सांगायला लाज वाटते, मीही हसलो. चकव्याला ते लोक सुर्खाब म्हणत. पुढे मीसुद्धा सुर्खाबच म्हणायला लागलो.

हिवाळ्यात साहेबलोक दौऱ्यावर निघत, कागदांचा ढीग पडे, आणि रुखसतीचं नाव काढलं की मुंतजिम, म्हणजे आमचा मुख्य कारकून, कपाळाला आठ्या घाली. रुखसत मिळायची ती उन्हाळ्यात. उन्हाळ्यात मी गावी जायचो तेव्हा तळं आटलेलं असायचं, पाहुणे कधीच गेलेले. आप्पा तरी मला बांधावर न्यायचे. मी सांगायचो, बगळे आहेत, टिटव्या आहेत. ते नुसते हुं म्हणायचे. अशी आठ वर्षं गेली. दर खेपेला मी म्हणायचो, पुढच्या हिवाळ्यात नक्की.

घरून वर्षाला दोन कार्डं येत. दिवाळीनंतरचं, 'पाहुणे आले.' शिमग्यानंतरचं, 'पाहुणे गेले.' आप्पा तोंडाने सांगायचे आणि गावातल्या शाळेचे मास्तर लिहायचे. जुने मास्तर सांगितलं तेवढंच लिहीत. नववं वर्ष लागलं तेव्हा नवे मास्तर आले होते, पुण्याकडचे, मोठे शुद्ध बोलणारे. त्या चैत्रात त्यांच्या वळणदार अक्षरात कार्ड आलं, 'पाहुणे सुखरूप गेले. त्यांचा लाभ घडला. सवडीने येणे करावे.'

वाचून बरं वाटलं. घरी सगळं ठीक दिसतंय, भाषाही सुधारली. माझी रुखसत मंजूर होऊन पडली होती, पण म्हटलं, आता जाऊन काय बघायचं? पाखरं तर गेली. त्यापेक्षा यंदा मुंतजिमाचे पाय धरू आणि हिवाळ्यातच जाऊ. मी रुखसत पुढे ढकलली. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

वैशाख संपता संपता दुसरं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. फाटका कोपरा दिसला की मजकूर वाचावा लागत नाही.

मी पोचलो तेव्हा सगळं उरकून आठ दिवस झाले होते. चार दिवसांचा ताप, म्हणे. आमच्या रीतीप्रमाणे आप्पांना बसवून माती दिली होती, तळ्याकडच्या शेतात. बांधावर बसत तसेच बसलेत, असं मला उगाच वाटलं आणि तिथेच रडू फुटलं.

रात्रीचं जेवण कुणालाच गेलं नाही. माय भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "कार्ड पोचलं न्हवतं का रं तुला?"

"पोचलं होतं की. पाहुणे गेले म्हणून."

"आन् मागचं?"

"कुठलं मागचं?"

माय भिंतीपासून पुढे सरकली. मग सावकाश सांगायला लागली. "मी बाजूलाच बसलते. ते म्हनले, लिवा मास्तर, पाहुने गेले, मागं लाभ राहिला, लगी ये. समदे उडून गेले, पर एक चकवा राहिलता म्हनायचे. रोज पहाटं त्याचा आवाज यायचा ह्यांना. मी दोनदा जाऊन बगितलं, मला काय दिसलं न्हाई. गावातले म्हनायला लागले, आप्पाचे डोळे गेलते, आता कान बी गेले. ते कुनासंगं भांडले न्हाईत. शिवा येऊन सांगंल म्हनायचे. त्याला उनाळ्यातच सुटी भेटती, म्हनून पाखरू थांबलंय म्हनायचे."

कार्डात काय होतं ते मी तिला सांगितलं, 'त्यांचा लाभ घडला.'

"मास्तर परके," माय म्हणाली. "तू तर दुकानातलं लेकरू. तुला बी लाभ कळला न्हाई?"

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला येऊन गेले. बिचारे फार हळहळले. म्हणाले, "अहो, 'लाभ राहिला' ही वाक्यरचना काही बरी वाटेना, म्हणून मी 'लाभ घडला' असं केलं. आणि 'लगी ये' म्हणजे काय ते मला नीटसं कळलं नाही." लगी म्हणजे आमच्याकडे लगेच. त्यांनी निदान अक्कल घालून चूक केली. मी अक्षर न् अक्षर वाचून केली. ज्या शब्दापासून मोजायला शिकलो, तो शब्द कार्डावर डोळ्यांसमोर होता, आणि मला त्यात नुसता शिष्टाचार दिसला.

त्याच्या पुढच्या पहाटे मी बांधावर गेलो. माय मागून येत होती, तिला नको म्हणवेना. तळं परातीएवढं उरलं होतं, पलीकडच्या काठाला लव्हाळं. आप्पांच्या दगडावर बसलो. टिटव्या ओरडून गप्प झाल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मनात वाटत होतं, काही नसूच दे. आप्पांचे कान गेले असतील तर मी न आल्यानं काही बिघडलं नाही. एवढा नीच विचार मी आयुष्यात दुसरा केला नसेल.

मग लव्हाळ्यातून आवाज आला. नाकात बोलल्यासारखा, चढा. आणि ते बाहेर आलं. विटकरी रंगाचं, उजवा पंख खाली लोंबणारा, चिखलात ओढत चाललेला. पाण्याशी आलं, मान वाकवून प्यालं आणि पुन्हा ओरडलं.

माय बांधाखालूनच म्हणाली, "हाय का काई?"

"हाय," मी म्हणालो.

"किती?"

मी मोठ्यांदा म्हणालो, तळ्याकडच्या शेतापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा, "लाभ!"

पुढे मायला मी हैदराबादला आणलं. ती इथेच गेली. दुकान दुसऱ्याने घेतलं, आणि ते कसं चाललंय हे मी कधी विचारलं नाही. आता नोकरीही संपली. गावच्या लोकांपैकी जे तिथेच राहिले ते विचारतात, येत कावून न्हाई? जे माझ्यासारखे निघून आले ते विचारत नाहीत. खरं सांगायचं तर थकलो आहे. गावाला जायचं म्हटलं की पायांआधी मन बसकण मारतं.

थंडीत मात्र सकाळी हुसेनसागरावर जाऊन बसतो. सुर्खाब येतात. आता मी त्यांना चकवेच म्हणतो. मोजतो तेही मोठ्याने, बांधावर मोजायचो तसं. बाजूला एक म्हातारे मियाँ फिरायला येतात. परवा त्यांनी थांबून ऐकलं आणि हसत म्हणाले, "मियाँ, लाभ बोलके सीधा दो पे आते आप. एक किधर गया?"

मी म्हणालो, "वो घर पे है."