शुक्रवारचं पाणी
सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आला की मला यंत्रमागांच्या गावातला कामवारी नदीचा काठ आठवतो. नव्वदच्या दशकात तिचं पाणी तपासायचं काम माझ्याकडे होतं. कारखानदारांना दुखवायचं नव्हतं, म्हणून मी मुद्दाम शुक्रवारी गेलो. त्या दिवशी गावाची आठवडी सुट्टी, म्हणून लूम बंद, रंगाचे कारखाने बंद आणि पाणी नितळ. मासे मरतात अशी तक्रार केलेली कोळीण काठावरच बसली होती. "साहेब, आज नदीला पन सुट्टी हाय. उद्या येवा, मंग बघू बाटली कंच्या रंगाची भरते." मी बाटली भरून तिला बूच लावलं. माझ्या अहवालात पाणी चांगलं ठरलं आणि तिची तक्रार खोटी. तक्रार खरी होती. आता दर गुरुवारी, कारखाने चालू असताना, मी शाळेतल्या मुलांना तिथेच नेतो आणि बाटलीवर आधी वार लिहायला लावतो.