पहिला तोडा

भुकेल्याच्या मुखी पडलेला घास थेट परमेश्वराला पोचतो, असं म्हणतात. आमच्या शिधाकेंद्रातला घास आधी हिंजवडीतल्या एका कंपनीत पोचायचा, कारण तिथे त्याचा फोटो लागायचा. पण फोटोनंतर का होईना, दर गुरुवारी ताजी भाजी यायची हे खरं. कंपनी ती रिह्याच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांकडून विकत घ्यायची आणि आम्ही दोघं-तिघं निवृत्त माणसं ती बांधकामावरच्या मजुरांना, डोंगरवस्तीवरच्या बायकांना वाटायचो.

मग कंपनीचं धोरण बदललं. एक तरुण गृहस्थ येऊन अत्यंत नम्रपणे सांगून गेले की यंदा भर झाडं लावण्यावर आहे. गावच्या वर्गणीतून तांदूळ-डाळ चालू राहिली. भाजी बंद झाली.

तरी पुढच्या गुरुवारी त्या शेतकऱ्यांपैकीच एक, रिह्याच्या आक्का, दुधाच्या गाडीतून पावट्याच्या शेंगांचं पोतं घेऊन उतरल्या.

"आक्का, आता कुणी विकत घेणार नाही हो," मी म्हटलं.

"इकतंय कोण? पहिला तोडा हाय."

आमच्या भागात पिकाचा पहिला तोडा विकत नाहीत. थोडा देवापुढे ठेवायचा, बाकीचा लेकीबाळींना, शेजाऱ्यांना द्यायचा. विकला तर वेलाला पुढे शेंग धरत नाही, अशी समजूत. त्यानंतरच्या आठवड्यात मेथीचा पहिला तोडा आला. मग पुन्हा पावटा.

"पावट्याचा पहिला तोडा मागेच झाला ना?"

"त्यो वरच्या बांधाचा. ह्यो खालच्या. एवढी पुस्तकं वाचून बांध कळंना व्हय तुमाला?"

रांग हसली. वस्तीवरची एक बाई, कडेवर मुलगी घेऊन, म्हणाली, "काका, नका इचारू. बांध संपत्याल."

मी विचारणं सोडलं. त्या हिवाळ्यात रिह्यातल्या प्रत्येक वाफ्याला, प्रत्येक वेलाला पहिला तोडा होता. एका शेतकऱ्याने तर वाकडी, बियांनी भरलेली वांगी 'पहिली' म्हणून आणली. आम्ही ती पूर्ण गांभीर्याने स्वीकारली. खोलीला पावट्याचा तो उग्र, हिरवा वास लागायचा आणि घरी गेलो तरी बोटांना राहायचा. कडेवरची ती मुलगी अंगणवाडीच्या काट्यावर नेहमी हलकी भरायची. वरणभाताला तोंड उघडायची नाही. पावटा दिसला की दोन्ही हात पुढे. आई रांगेतच दाणे सोलून पदरात जमवायची, घरी जाऊन शिजवायला. होळीच्या सुमाराला आईने सांगितलं, काटा थोडा सरकला.

यंदा आक्कांच्या मुलाने शेत पुण्याच्या एका गृहस्थांना फार्महाउससाठी करारावर दिलं. शेजारच्या शेतांचंही तेच झालं. पावट्याच्या जागी आता लॉन आहे आणि आक्का त्याला पाणी घालतात. घोटावड्याच्या फाट्यावर भेटल्या.

"कसं आहे शेत?"

"हिरवंगार हाय. गवताचा बी पहिला तोडा झाला परवा. पाठवू का?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

गुरुवारी दुधाची गाडी थांबली की मी अजून बाहेर येतो. गाडीवाला नुसती मान हलवतो. परवा वस्तीवरची बाई रांगेत आली, मुलगी कडेवरच होती. तिने डाळीचं पाकीट घेतलं, माझ्यामागच्या रिकाम्या टोपल्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "आक्का?"

"नाही आल्या."

मुलीने आपले दोन्ही हात पुढे केले होते. आईने ते हळूच खाली घेतले आणि दोघी चढाला लागल्या. वासाचं एक बरं असतं, तो कायमचा मागे राहत नाही. मी बोटं हुंगून पाहिली, साबणाचा वास आला.

गेल्या महिन्यात कंपनीला आमची पुन्हा आठवण झाली. भाजी ताजी राहावी म्हणून त्यांनी केंद्राला मोठा फ्रिज दिला. त्यात सध्या पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या ठेवतो.