कोपराएवढा धागा

शेजारच्या वहिनींवर माझा कधी विश्वास बसला नाही. बऱ्हाणपुरात ओळखीत कुणाचंही लग्न असो, रुखवतात त्यांचं क्रॉस स्टिचचं तोरण असायचंच. पण मॅटीच्या कापडात सुई घालताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. बाई तयार माल आणतात, अशी माझी खात्री होती.

काही विचारलं की, "थांबा ताई, गॅस बंद करून येते," म्हणत आत जायच्या. बाहेर येऊन सांगायच्या, "धागा लंबा नका घेऊ, कोपराएवढा बस. आधी सगळ्या ओळीचे अर्धे टाके घाला, परतताना फुल्या पुऱ्या करा." दर प्रश्नाला यांचा गॅस चालू कसा?

एकदा मी मुद्दाम म्हटलं, "टाके घालताना मान दुखते हो." त्या आत गेल्या, तशी मीही मागोमाग गेले. पलंगावर त्यांचे यजमान, पेपर मिलमधून रिटायर झालेले, मांडीवरच्या उशीला फ्रेम टेकवून बसले होते. एक हात कापडाच्या वर, एक खाली, आणि सुई नुसती पळत होती.

"फ्रेम उंच धर म्हणावं," ते मान वर न करताच म्हणाले.

वहिनींनी मला पाहिलं आणि झटकन पडदा ओढला.

"ताई, मिलमधले दोस्त हसतील त्यांना. माझंच नाव राहू द्या."

पुढच्याच लग्नात एका बाईने तोरण उलटंसुलटं करून मला हळूच विचारलं, "खरंच यांनी केलंय?"

"माझ्या डोळ्यांदेखत," मी म्हणाले.