कमी बोलणारी कादंबरी आणि मावशीचा दहावा

साहित्य माणसाला मृत्यूला सामोरं जायला शिकवतं. हे मी वर्गात बरीच वर्षं सांगत आलो आहे आणि मुलं ते उत्तरपत्रिकेत मला परत सांगत आली आहेत. आमच्या नगर जिल्ह्यात मात्र मृत्यूचं एवढं काही नाही, तो कुणालाही जमतो. सामोरं जावं लागतं ते दहाव्याला.

बाहेरच्यांना कल्पना नसते म्हणून सांगतो. सकाळी नदीच्या घाटावर मंडप पडतो, झाडांना कर्णे बांधले जातात, पुढच्या रांगेत सोफे लागतात. पिंडदान वगैरे भटजी एका कोपऱ्यात उरकून घेतात. मुख्य कार्यक्रम माइकवर असतो. आधी प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. गेलेला प्रत्येक माणूस अजातशत्रू ठरतो आणि हे त्याचा सख्खा भाऊच सांगतो, ज्याच्याशी त्याचा बांधावरून दावा चालू असतो. पुढारी एका सकाळी दोन-तीन दहावे करतात. गाव बदलतं, पोकळी तीच असते आणि ती कधीच भरून येत नाही.

माझी मावशी या सगळ्याला वैतागलेली होती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, निवृत्त झाल्यावर वाचायची. तालुक्याच्या वाचनालयातून तिनं एक कादंबरी आणली आणि मला म्हणाली, "तू प्राध्यापक आहेस ना? मग हे वाच आणि मला यात काय आहे ते सांगू नकोस."

लेखिका फारशी कुणाला माहीत नाही. तिचे सत्कार होत नाहीत, त्यामुळे तिला लिहायला वेळ मिळत असावा. ती एक वाक्य लिहिते आणि थांबते. आमच्याकडे वाक्य संपल्यावर खरं लेखन सुरू होतं, त्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं, पानं गळाली आहेत. मी पृष्ठक्रमांक तपासले, ते बरोबर होते. पाऊस पडला तर ती पाऊस पडला असं लिहिते, आभाळ कुणासाठी रडत नाही. कादंबरीतली बाई विधवा होते, पण नवरा गेला असं वाक्य पुस्तकात कुठेही नाही. एका पानावर ती भांडी घासते आहे, पुढच्या पानावर दूधवाल्याला अर्धाच लिटर घाल म्हणते आहे. पुढे कधीतरी ती त्याची सायकल बाहेर काढते, तिच्यात हवा भरून घेते आणि पुन्हा भिंतीला लावून ठेवते. ती सायकल घरात कुणाला चालवता येत नाही. यावर लेखिकेचं काहीच म्हणणं नाही. मी ते पान वाचून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

वाचनालयात त्या पुस्तकावर चर्चा झाली तेव्हा अध्यक्षांनी कादंबरीत संघर्ष नसल्याबद्दल खेद व्यक्त केला. दुसरे एक जण म्हणाले, लेखिका अजून खुललेली नाही. मावशी मागच्या बाकावरून म्हणाली, "खुलली असती तर मी मिटलं असतं." ते इतिवृत्तात घेतलं नाही.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. त्यांना वाचायचा कंटाळा, पण ऐकायला आवडायचं. दुपारी ते पलंगावर आडवे आणि ती खुर्चीत बसून मोठ्यानं वाचते आहे, अशा एका दुपारी मी तिथं होतो. दूधवाल्याचं पान झालं, तसे काका उठून बसले.

"थांब. नवरा कुठंय?"

"गेला."

"कवा?"

"मागच्या पानावर."

"मागच्या पानावर तर ती भांडी घाशीत हुती."

"हां. तेव्हाच."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "आरं, तू तरी सांग. माणूस मेला आन् सांगायचं बी न्हाई?"

"सांगितलं की," मावशी म्हणाली. "दूध कमी केलं."

काका पुन्हा आडवे झाले. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "मागचं पान परत वाच."

यापेक्षा चांगलं समीक्षण त्या पुस्तकाचं मी वाचलेलं नाही. माझं स्वतःचं धरून.

पुढे आळीतले एक गृहस्थ वारले. आयुष्यात त्यांनी कुणाला चहा पाजल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांना दहाव्याला दानशूर कर्ण म्हटलं गेलं. मावशी घाटावरून घरी आली, पाय धुतले आणि काकांना म्हणाली, "माझ्या दहाव्याला भाषणं नकोत. एकसुद्धा नको. शब्द द्या."

"आन् मी आदी गेलो तर?"

"तुमच्या वेळी होऊ देत. तुम्हाला आवडतात."

काकांनी शब्द दिला. ते फारसे शब्द देणारे नव्हते, कारण दिला की पाळावा लागतो अशी त्यांची समजूत होती.

हिवाळ्यात एका सकाळी काकांचा फोन आला. म्हणाले, तिचं वाचनालयाचं पुस्तक परत करायचं राहिलंय, तुझ्या हातानं कर. मी गाडी काढली. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

तीन दिवसांनी काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाषनं हू द्यायची न्हाईत. माझं कुनी ऐकनार न्हाई. तू शिकल्याला हाय, तू बघ."

त्यांना दुसरं काहीच नको होतं. जेवणाचं, मंडपाचं, कुणी कुठे बसायचं याचं त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच.

मी निवेदकांकडे गेलो. हे एक गुरुजी आहेत. गावातलं कुठलंही बारसं, लग्न किंवा दहावा गुरुजींच्या आवाजाशिवाय पूर्ण होत नाही. ओसरीवर बसवून त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं.

"भाषणं नाहीत? मग लोक काय करतील, सर?"

"बसतील."

"नुसते?"

"नुसते."

"लोकं म्हणतील, बाईंचं कुणाशी पटत नव्हतं."

"नव्हतंच फारसं."

"ते दहाव्यापर्यंत असतं हो," गुरुजी समजुतीनं म्हणाले. "दहाव्याला सगळ्यांचं सगळ्यांशी पटतं."

शेवटी तडजोड झाली. कुटुंबाच्या वतीनं मी एक वाक्य बोलायचं, बाकी कुणी नाही. मी काकांना तसं सांगितलं. एका वाक्याला भाषण म्हणता येणार नाही असं त्यांनी विचारांती ठरवलं.

आता ते वाक्य लिहायचं होतं. मला वाटलं, त्या लेखिकेसारखं लिहू. साधंच तर असतं. पहिल्या खर्ड्यात ज्ञानदीप आला. तो खोडला तर त्या जागी वटवृक्ष उगवला. वटवृक्ष काढल्यावर उरलं ते इतकं साधं होतं की त्याच्याकडे पाहून मला माझाच साधेपणा आवडायला लागला, म्हणून तेही फाडलं. तेव्हा कळलं की ती लेखिका शब्द कमी वापरते असं नाही. ती स्वतःला कमी वापरते. ही युक्ती नव्हे, आणि प्राध्यापकाला तर हे फारच उशिरा कळतं. अखेर एक वाक्य जमलं. मावशी पेन्सिलनं खुणा करायची आणि पुस्तक परत देण्याआधी खोडून टाकायची, एवढंच त्यात होतं. चिठ्ठी खिशात घातली.

दहाव्याच्या सकाळी घाट भरला होता. प्रवचन झालं. गुरुजींनी माइक हातात घेतला आणि बाईंच्या इच्छेनुसार आज भाषणं होणार नाहीत, असं जाहीर केलं. मग ती इच्छा किती उदात्त होती हे सांगितलं. मग मौन म्हणजे काय ते सांगितलं. मौनाचे प्रकार सुरू झाले तेव्हा काकांनी माझ्याकडं पाहिलं.

तेवढ्यात माजी आले. ते कशाचे माजी आहेत हे आता त्यांनाही आठवत नसावं, पण गाडीतून उतरतात ते थेट माइकच्या दिशेनं. मी आडवा गेलो. "साहेब, मावशींची इच्छा होती..."

"माहिती आहे मला," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तेच सांगायचंय."

आणि त्यांनी सांगितलं. बाईंना भाषणांचा तिटकारा होता, आजच्या काळात अशी माणसं कुठे आहेत, आणि म्हणून मीही दोनच शब्द बोलेन, असं म्हणून ते कालव्याच्या पाण्यावर आले. ते बसले तेव्हा पलीकडच्या गटाचे एक जण उठले, कारण एक बाजू बोलली आणि दुसरी नाही असं आमच्याकडे चालत नाही. त्यांनाही दोनच शब्द बोलायचे होते. मौनाचं महत्त्व त्यांनी थोडं वेगळ्या अंगानं मांडलं. त्यानंतर पतसंस्थेचे एक संचालक उठले. मावशी अबोल होती, असं तिघांनीही सांगितलं. त्यांपैकी एकालाही ती वर्गात असताना ऐकायला मिळालेली नसावी.

काका खाली मान घालून बसले होते. हात मांडीवर, मुठी मिटलेल्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय हुतंय का तुमाला?" काका म्हणाले, "व्हय." आणि उठले.

ते सरळ संचालकांपाशी गेले आणि त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. माणूस दुःखात आहे म्हणून कुणी अडवलं नाही. गुरुजींनी "आता पतीच्या भावना" एवढं म्हणून घेतलं.

"मी तिला शब्द दिल्ता," काका म्हणाले. कर्ण्यांतून तो आवाज पाण्यापलीकडे गेला. "भाषन न्हाई म्हून. तुमी समदे मोटी मानसं, पन आता बसा."

त्यांनी माइक खाली वाळूत ठेवला. बटण बंद करायचं त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे काही वेळ वाळूचा आवाज येत राहिला. मग मांडववाल्यानं वायर काढली.

लोक बसले. पहिल्यांदा कुणालाच काही सुचेना. एकाच्या मोबाईलवर आरती वाजली, त्यानं तो शर्टात दाबून धरला. बाया डोक्यावरचे पदर सारखे करत राहिल्या. माजींनी एकदा घड्याळ पाहिलं आणि पुन्हा पाहायचं धाडस केलं नाही. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं, त्यांचं पाण्यात फुरफुरणं ऐकू यायला लागलं. एक बाई रडली. ती मावशीची विद्यार्थिनी होती, हे नंतर कळलं. तोवर तिच्याकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

काका हळूच म्हणाले, "तुझं वाक्य?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी बरं म्हटलं. चिठ्ठी खिशातच राहिली.

असं किती वेळ बसलो, सांगता येत नाही. भटजींनी नारळ फोडला तेव्हा लोक उठले आणि जाताना एकमेकांशी खालच्या आवाजात बोलत गेले. आमच्या घाटावर मी हे पहिल्यांदाच पाहिलं. काका घरी आले, पाय धुतले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. दशक्रिया विधीस अलोट गर्दी लोटली आणि अनेक मान्यवरांनी आपल्या भाषणांतून बाईंच्या कार्याला उजाळा दिला, असं त्यात होतं. प्राध्यापक भाच्यानं ओघवत्या शैलीत आठवणी सांगून उपस्थितांना गहिवरून टाकलं, असंही होतं. आमच्या गावचे वार्ताहर गुरुजीच आहेत, आणि बातमी ते कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळीच पाठवून मोकळे होतात.