वावापस

कळमनुरीच्या बसस्टँडसमोर पहिल्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मी टायपिंग शिकवायचो, प्रेमदास राठोड प्रोग्रामिंग शिकवायचा. म्हणजे पाटीवर तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात आम्ही दोघंही बहुतेक वेळ लाईटीची वाट बघत बसायचो. दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. भारनियमन इतकं, की पोरं दांड्या मारायची तीसुद्धा लाईटीचं वेळापत्रक बघून.

प्रेमदास सेनगावकडच्या तांड्यावरचा. घरी गोरमाटी बोलायचा, आमच्याशी मराठी आणि मशीनशी फिंच. फिंच ही प्रोग्रामिंगची भाषा. ती कुणा कंपनीच्या मालकीची नाही. जगभरातली माणसं आपापल्या सवडीनं तिच्यात भर घालतात, आणि ज्याला पाहिजे त्यानं ती फुकट घ्यावी. ती चालवायची कशी, हे समजावणारी पानं तिच्या साईटवर असतात. त्यातली मराठी पानं प्रेमदासची. क्लासच्या पोरांना इंग्रजी पानं झेपेनात म्हणून एका उन्हाळ्यात त्यानं दोनचार लिहिली. ती तशीच वाढत गेली आणि पुढे म्हैस पाळल्यासारखं झालं. रोज धार काढा, गावाला जायची सोय नाही. कारण फिंचची नवी आवृत्ती आली की जुनी पानं खोटी ठरायची. मग पुन्हा बसा, तपासा, बदला.

"प्रेमदासभाऊ, कोण वाचून राहिलं हे?" मी विचारायचो.

"कोणी न्हाई."

"मग काहून लिहून राहिले?"

"न्हाई लिहिलं तर साईटवरून मराठी काढून टाकतात. तसा नियमच हाय त्यांचा."

"टाकू द्या की. कोणी वाचतच न्हाई तर कोणाला तकलीफ?"

यावर तो चष्मा काढून डोळे चोळायचा. ते त्याचं उत्तर.

त्या वर्षी पुण्याचा एक तरुण मदतीला आला. मेलवरच, पण मनापासून. त्यानं पानांतलं शुद्धलेखन सुधारलं आणि सुधारता सुधारता प्रेमदासनं लिहिलेला 'वापस' सगळीकडून काढून 'परत' घातला. 'वापस हा हिंदी शब्द आहे,' असं अदबीनं कळवलंही. प्रेमदासनं ते तसंच राहू दिलं. भांडायला अंगात जोर लागतो.

पण मग क्लासमधल्या दीपानं एक प्रोग्राम लिहिला. तो एकच उत्तर छापत सुटला, थांबेचना.

"अगं, हे काय करून ठेवलं?" प्रेमदास म्हणाला.

"सर, तुमच्याच पानावर हाय. 'उत्तर परत द्या.' दिलं मी परत. परत परत दिलं."

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे परत म्हणजे पुन्हा. दुकानातून आणलेलं दुकानात नेऊन द्यायचं असेल तर ते वापस.

नवी आवृत्ती दोन दिवसांवर होती, लाईट जायला थोडा वेळ उरला होता, आणि प्रेमदास कंटाळला होता. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस 'सगळीकडे बदला' हे बटण दाबतो. त्यानं दाबलं. जिथं जिथं 'परत' तिथं 'वापस'. मग बिल्ड चालवलं. बिल्ड म्हणजे सगळी सुटी पानं जुळवून त्यांचं एक पुस्तक होतं, आणि जुळवताना काही तुटलं असेल तर मशीन ओरडतं. मशीन ओरडलं नाही. त्यानं पानं पाठवून दिली आणि सोबत फिंचच्या मंडळींना मेल: हे माझं शेवटचं. दुसरं कोणी असेल तर बघा, नसेल तर मराठी काढून टाका.

"सुटलो," तो म्हणाला, आणि लाईट गेली.

चार दिवसांनी आम्ही मेल उघडले. मी मागून वाकून वाचत होतो. पहिला मेल परतूरचा होता. पानावर एका उदाहरणात रेल्वे स्टेशनांची नावं होती: परभणी, सेलू, परतूर, जालना. तिथं आता 'वापसूर' झालं होतं. 'आमच्या गावाचं नाव कधी बदललं? आम्हाला कोणी सांगितलं नाही.'

मी हसून खाली बसलो. प्रेमदास पुढचा मेल वाचत होता. 'वावापस ही नवी आज्ञा आहे का? आमच्या मशीनवर चालत नाही.'

"वावापस?" मी म्हटलं. "हे काय?"

त्यानं पान उघडलं. मग त्याच्या लक्षात आलं. 'वापरतो'च्या पोटात 'परत' असतो. आणि कसं वापरायचं हे सांगणाऱ्या पुस्तकात 'वापरतो', 'वापरतात', 'वापरताना' हे ओळीआड येणार. 'हे फंक्शन असं वावापसात.' 'वावापसाना काळजी घ्या.' सगळं पुस्तक बोबडं झालं होतं.

आणखी मेल होते. एक वसमतचा, एक अकोल्याचा, एक कुवेतहून, तेलाच्या कंपनीत असलेल्या माणसाचा. पुण्याच्या तरुणानं तर अर्धी पानं विचारायच्या आधीच दुरुस्त करून ठेवली होती आणि 'वापस' तसाच राहू दिला होता.

"एवढी माणसं," प्रेमदास म्हणाला. त्याचा चेहरा आनंदाचा म्हणावा असा नव्हता. चोरी पकडली गेल्यावर होतो तसा होता. "इतकी वर्सं एकानं बी लिहिलं न्हाई."

"बराबर होतं तोवर काहून लिहितील? आता सांगा, राजीनामा वापस घेता का परत देता?"

"गप बैस तू."

उरलेली पानं त्यानं हातानं दुरुस्त केली, एकेक ओळ वाचत. बटणाला हात लावला नाही. फक्त शेवटच्या पानावर, अगदी खाली, बारीक टिपेत एक 'वावापस' मुद्दाम ठेवला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"कोणाच्या नजरेस आला न्हाई तर समजायचं, ते मेल म्हणजे चार दिवसांची गंमत होती. मग मी मोकळा. तांड्यावर जातो, याडीपाशी आठ दिवस नुसता झोपून राहतो." याडी म्हणजे त्याची आई.

त्या आठवड्यात तो रोज मेल उघडायचा आणि काही नाही म्हटल्यावर थोडा सैल व्हायचा. पिशवीसुद्धा भरून ठेवली होती त्यानं, क्लासमध्येच, खुर्चीखाली.

बाजाराच्या दिवशी परतूरचा मेल आला. 'शेवटच्या पानावर तळाशी अजून एक राहिलाय बघा.'

प्रेमदासनं तो दोनदा वाचला. चष्मा काढला, डोळे चोळले, खुर्चीखालची पिशवी पायानं भिंतीकडे सरकवली.

"लाईट किती वाजेपर्यंत हाय रे आज?" त्यानं विचारलं.