सडक्या पानाचा वास

आधीच सांगते, मी लॅबवाली बाई. उतारा, लिंबू-मिरची, अंगात येणं... या सगळ्याची मी जन्मभर टिंगल केली. सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला लागल्या की मी म्हणायची, "त्यापेक्षा रक्त तपासा!" त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

माहेर अंजनगाव सुर्जीचं. आमचा पानमळा, खायच्या पानांचा. गठ्ठ्यात एक पान सडलं की बघता बघता सगळा गठ्ठा जातो, म्हणून पानं रोज चाळायची आणि सडकं काढून फेकायचं. तो गोडसर, कुबट वास आम्हा बहीण-भावाच्या नाकात लहानपणापासून बसलाय.

मागच्या वर्षी बाबांच्या आतड्यात गाठ निघाली. अमरावतीला न नेता आम्ही त्यांना अकोल्याला आणलं, कारण मी इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. गाठ काढून आतडं जोडलं. अशा ऑपरेशननंतर खरी भीती त्या जोडाची. तो आतून गळायला लागला तर वरून लवकर कळत नाही, म्हणून रक्तातला सीआरपी, म्हणजे आतली सूज-संसर्ग दाखवणारा आकडा, रोज बघतात. सुरुवातीला तो चढतोच. मग उतरायला लागला तर बरं, चढाच राहिला तर सावध व्हायचं.

आमच्याकडे रक्ताची नळी नातेवाईकच लॅबला पोचवतात. त्या सकाळी दादा आला. शर्टाच्या खिशात नळी, आणि काखेत ओल्या फडक्यात बांधलेला पानांचा गठ्ठा, डॉक्टरांना द्यायला आणलेला. दारातूनच म्हणाला, "बाई, यातलं एखांदं पान सडलं वं. मघापासून वास येऊन राहिला."

मलाही आला. आम्ही टेबलावर फडकं सोडून एकेक पान चाळलं. सगळी हिरवीगार! दादा वैतागला, "नाक बिघडलं का काय माह्यं!" आणि गठ्ठा बाहेर नेऊन ठेवला. तरी वास जाईना. शेवटी मी नळी नाकाशी नेली... बूच घट्ट बंद होतं, आणि वास त्या नळीलाच होता.

मशीनवर लावलं. सीआरपी चांगला उतरलेला. पुन्हा लावलं — तोच आकडा. मी तशीच डॉक्टरांकडे पळाले. वासाचं कसं सांगावं? पण सांगितलं. बिचारे हसले नाहीत. पोट तपासलं, नाडी पाहिली, दुसरं सॅम्पल घ्यायला लावलं. तेही उतरलेलंच. "नुसत्या सीआरपीवर विसंबायचं नसतं, लक्ष ठेवू. पण आत्ता सगळं चांगलं दिसतंय," म्हणाले. दादाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मी बाबांजवळ जाऊन बसले. त्यांना वासाचं कुणीच काही सांगितलं नव्हतं. माझा हात धरून म्हणाले, "सडकं पान काढलं का वं माय?"

"सारी पाह्यली बाबा. एकही सडलेलं नाही."

"नीट पाहा. एकदम आतमधलं असन."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोट फुगलं, ताप चढला, धाप लागली. जोड सुटला होता. पुन्हा पोट उघडलं, धुतलं... पण बाबा शुद्धीवर आलेच नाहीत.

तेरवी झाल्यावर मी फ्रीजमध्ये राहिलेलं तेच सॅम्पल परत लावून पाहिलं. आकडा तोच. वास मात्र अजिबात नाही. जीव नुसता विटून गेलाय. सांगणारं जे कोणी होतं, त्यानं वेळेवर सांगितलं होतं. आम्ही पानंही चाळली, रक्तही तपासलं, डॉक्टरांच्या कानावरही घातलं. अजून काय करायचं होतं हो?

परवा दादा पानं घेऊन अकोल्याला आला होता. चहा तसाच ठेवून त्यानं विचारलं, "बाई, तुही मशीन खोटी होती का आपलं नाक?"

"दोन्ही खरी होती, दादा."

"मंग बाबा काहून गेले वं?"

तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. मला नाही माहीत.