तुळजाची दोन बाळंतपणं

अर्धंअधिक शेलार गाव काशीबाईच्या हातून जन्माला आलेलं. सुइणींना शिकवायचंय म्हणून दवाखान्याचा माणूस दारात आला, तेव्हा ती फणकारली, "मला कोन शिकवनार बाळंतपन?" पण घरातून कोणी तरी जायलाच हवं होतं. तिनं सुनेला, मैनाला धाडलं.

मैना लूमवर, कापडाच्या मागांवर कामाला निघालेल्या बायाबापड्यांच्या सोबतीनं भिवंडीपर्यंत चालत जायची. नर्सबाईचं बोलणं तिच्या डोक्यात असं पक्कं बसायचं, की बाई इतरांना समजवायला तिलाच उभं करायची. नखं काढा, हात साबणानं धुवा, कात्री उकळून घ्या, नाळेला राख-शेण काही लावू नका. नाही तर बाळाला धनुर्वात होतो. शेवटी तिला एक पेटी मिळाली. कात्री, दोरा, साबण. काशीनं ती उघडूनही पाहिली नाही.

"ठेव फळीवर," ती म्हणाली. मैनानं ठेवली.

थोड्याच दिवसांत शेजारच्या तुळजाला कळा सुरू झाल्या. पहिलीच खेप. सासू-सून दोघी गेल्या. मुलगा झाला. काशीनं विळा पदराला पुसला, नाळ कापली आणि वर चिमूटभर राख दाबली. तुळजाचं डोकं मांडीवर घेऊन मैना बघत होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण भोवती शेजारणी, आणि गावभर सासूचा मान. इतकी पोरं जगली तसं हेही जगेल, असं मनाशी म्हणत तिनं तुळजाच्या कपाळावरचा घाम पुसला.

आठवडा होतो न होतो तोच पोरानं दूध ओढायचं सोडलं. जबडा आवळला, अंग ताठलं. बाया म्हणाल्या, बाहेरचं काही तरी लागलं. मैना एकटी ओरडली, "भिवंडीला चला!" आणि पोराला उचलून धावत सुटली. पोर वाटेतच गेलं.

"माझ्या लेकरासाठी मैनाच तेवढी धावली," तुळजा ज्याला त्याला सांगायची. ते ऐकवेना म्हणून मैना तिचं दार टाळून बांधावरून पाण्याला जाऊ लागली.

पुढचं बोलावणं आलं तेव्हा मैनानं पेटी खाली काढली. "आये, आज नाळ मी कापनार."

"आन् मी काय करू?"

"तू तिला धर. तुझ्यावानी धीर कोनाला देता येत न्हाय."

काशी धुसफुसली, पण बसली. परतताना तिनं विचारलं, "तुळजाच्या पोराच्या येळेला तुला हे म्हाईत व्हतं?"

"व्हतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तू रागावशील म्हनून."

"रागावलेच असते," काशी म्हणाली. "दोन दिस जेवले नसते. मंग जेवले असते."

त्यानंतर तिनं नाळेला विळा लावला नाही. मैनाला भिवंडीत कामतघरला उत्तरेकडच्या लूम-कामगारांच्या चाळींतूनही बोलावणी येऊ लागली. "पहले हाथ धोव," असं मोडक्या हिंदीत दटावून ती कामाला लागायची. नव्या सुइणींना शिकवायला नर्सबाई तिलाच बोलवायची. बाया कौतुक करायच्या आणि मैना मान खाली घालायची.

तुळजाला मुलगी झाली ती मैनाच्याच हातून. गोरीगोमटी पोर कुशीत घेत तुळजा म्हणाली, "पयल्या येळेला तुला हे येत असतं, तर माझा पोरगाबी वाचला असता गं."

मैनाचे हात थांबले. होय म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं.

"येत व्हतं, तुळजा," ती म्हणाली. "मला सगळं येत व्हतं. मी बोलले न्हाय."

तुळजानं तिच्याकडे पाहिलं, आणि पोरीला छातीशी धरून भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पोरीला न्हाऊ घालायला मैना गेली. दार लावलेलं असेल असंच तिला वाटत होतं. दार उघडं होतं, चुलीवर पाणी तापत होतं. तुळजानं पोर तिच्या पायांवर दिली, पण ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे कित्येक दिवस नाही.